उभी गरी

अप्पांनी माझ्या हातातलं जिग घेतलं, दुकानातल्या दिव्याकडे धरून फिरवून बघितलं आणि मला परत न देता धनंजयरावांच्या तळहातावर ठेवलं.

“जावयबापू, ह्येचा टोक तुमच्या नखार लावन बघा.”

धनंजयरावांनी टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढलं. गळ धारदार असला तर नखावर अडकतो, बोथट असला तर घसरतो. ही परीक्षा आमच्या मालवणातली. ओटीवर बसून अप्पा ती करायचे आणि मी दारातून बघायचो. आता विनिपेगमधल्या एका दुकानात, ऐन फेब्रुवारीत, औशाकडचा एक शाकाहारी माणूस ती करत होता, आणि आमचे तीर्थरूप त्याच्या नखाकडे कौतुकाने बघत होते.

“अडकतोय की मामा,” धनंजयराव म्हणाले. “चांगला आहे.”

“चांगलो आसात. पन नाचवचो गळ आपल्याक नको.”

ते जिग मी महिनाभर वाचून, चार लोकांना विचारून निवडलं होतं. जिग म्हणजे गळच, पण डोक्याशी शिशाचा रंगीत गोळा असलेला. बर्फाला पाडलेल्या भोकातून तो खाली सोडायचा आणि आखूड काठीने वरखाली नाचवत राहायचा. मासा त्याला भक्ष्य समजून तोंड लावतो. तो स्पर्श दोरीतून, काठीतून बोटाला कळला की लगेच झटका द्यायचा. दुसरी तऱ्हा उभ्या गरीची. तिथे काठी बर्फात रोवून ठेवायची, साध्या गळाला खरं आमिष लावायचं, काठीच्या टोकाला घंटी बांधायची आणि आपण चहा पीत बसायचं.

आता, उभी गरी आणि आमचे अप्पा. मालवणात कोळंबच्या खाडीवर अप्पांचं बोट प्रसिद्ध होतं. उजव्या हाताच्या तर्जनीवर दोरी घेऊन ते धक्क्यावर बसत आणि आमिषाला तोंड लावणारा मासा कोणता, हे दोरी वर घेण्याआधी सांगत. धक्क्याच्या खांबाला दोरी बांधून विड्या ओढत बसणाऱ्यांना ते हसायचे. “खांबाक बांधलेली गरी म्हंजे पगारी नोकर,” म्हणायचे, स्वतः तहसील कचेरीत पगारी नोकर असून.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुमी आनि उभी गरी?”

“वय झाला आता. जावयबापू, तुमका काय वाटता?”

“मामा म्हणतील तसं.”

हे “मामा म्हणतील तसं” ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानंतरचा अर्धा तास मी टोपली धरून मागे उभा होतो आणि ते दोघे गळ निवडत होते. म्हणजे अप्पा बोलत होते, धनंजयराव उचलून दाखवत होते. सरळ टोकाचा गळ अप्पांनी बाजूला करायला लावला. टोक आतल्या बाजूला वळलेला घ्यायला सांगितला. मासा आमिष गिळून वळला की असा गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो, कोणाला झटका द्यावा लागत नाही. मग लहान, मध्यम आणि मोठा असे तीन गळ त्यांनी धनंजयरावांच्या तळहातावर मांडायला लावले आणि मधला पसंत केला. गळाच्या वर बांधायला एक चकाकती पत्री घेतली, पाण्यात आपली आपण फिरणारी.

“आनि काठी लवचीक होयी,” अप्पा म्हणाले. “गळाक उलटो काटो नाय ना. दोरी ढिली पडली की मासो गेलो.”

इथे आमच्या प्रांतात, मासा सुटू नये म्हणून गळाला असलेला उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा लागतो, तसा कायदा आहे. अप्पांना त्याची फार गंमत वाटायची. मास्याक पळूक दार उघडा ठेवन गरवतत ही लोका, असं ते भेटेल त्याला सांगत.

मी माझं जिग गुपचूप टोपलीत टाकलं.

धनंजयराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, लतिकाचे यजमान. या माणसाने समुद्र पहिल्यांदा बघितला तो लग्न ठरल्यावर, आमच्या घरी येऊन. मासा खात नाहीत. पकडला तर पाण्यात परत सोडतात. कारखान्यातल्या मित्रांच्या संगतीने त्यांना गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसायचा नाद लागला होता, एवढंच त्यांचं भांडवल. माणूस वाईट नाही, हे मी त्या हिवाळ्यात स्वतःला रोज बजावत होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, अप्पा आता नाहीत, आणि धनंजयराव माझ्याशी अजूनही तितक्याच अदबीने बोलतात. त्याचाही मला थोडा राग येतो.

त्या हिवाळ्यात अप्पा राहायला माझ्याकडे होते, पण शनिवार उजाडला की दारात धनंजयरावांची गाडी यायची. त्यांचा तंबू दोघांचा होता. दोघांचा म्हणजे दोघांचाच. तिसरा शिरला तर कोणाचा तरी पाय भोकात जाणार. मला अप्पांनी कधी “चल” म्हटलं नाही. लहानपणीही म्हटलं नव्हतं. रविवारी पहाटे ते गरी घेऊन मासे गरवायला निघाले की मी अंथरुणात डोळे मिटून जागा असायचो, आणि त्यांना ते कळायचं. “निज,” ते म्हणायचे, “आनि उठल्यार अभ्यास कर. गरी धरून कोनाचा भला झाला नाय.” मी अभ्यास केला. पहिल्या वर्गात पास झालो, शिकलो, इतक्या लांब आलो. बापाने सांगितलेला अभ्यास केल्याचं बक्षीस म्हणून बाप जावयाला मिळाला.

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जगात असतं,” मी बायकोला म्हणालो. “आमच्याकडे उलटं.”

“एवढं पोटात दुखतंय तर ओवा खा,” नयना म्हणाली. “नाहीतर सरळ जाऊन सांगा, मला पण यायचंय म्हणून.”

सरळ सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. मंगळवारी अप्पांचं परतीचं विमान होतं. तो शेवटचा शनिवार राहिला होता. मला त्या माणसाकडून दुसरं काही नको होतं. एक दिवस त्यांनी माझ्या शेजारी बसून गरवावं, आणि गरी कशी धरायची ते मला सांगावं, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी गळ बांधायला धनंजयराव आमच्याकडे आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. अप्पा शाल गुंडाळून खुर्चीत बसले, हात शालीच्या आत, आणि धनंजयराव चिमट्याने एकेक काटा दाबू लागले. मग दोरी ओवायची वेळ आली.

“खालसून घेवा,” अप्पा म्हणाले. “दोन वळसे. आता शेपूट त्याच मुंडीतसून भायर. थुका लावा आनि वडा.”

धनंजयरावांनी टोक फासातून बाहेर काढून, थुंकी लावून दोरी ओढली. गाठ बारीक आणि घट्ट बसली. ती अप्पांची गाठ होती. धक्क्यावरचे म्हातारे तिला पराडकराची गाठ म्हणायचे. मी पराडकर. ती बांधत होता औसेकर.

“अप्पा, माका दाखवा मां,” मी म्हटलं आणि एक गळ पुढे केला.

अप्पांनी गळाकडे बघितलं. हात काही शालीबाहेर आले नाहीत.

“तू रवांदे,” ते म्हणाले. “जावयबापू करतत ता बरा चल्ला हा.”

धनंजयरावांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. मग पुन्हा खाली बघून पुढचा गळ घेतला. मी उठून भाजी चिरायला लागलो. नयनाने सुरी माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी कांद्याचे काय हाल करत होतो ते तिला बघवेना.

शनिवारी मी न विचारताच माझी गाडी त्यांच्या मागे घातली. मी माझा स्वतःचा तंबू विकत आणला होता, चौघांचा, शेगडीसकट. तळं शहरापासून दीड तासावर. बर्फ इतका जाड की त्यावरून ट्रक जायचे. धनंजयरावांनी गिरमिटाने त्यांच्यासाठी दोन भोकं पाडली आणि मग न सांगता माझ्या तंबूतही येऊन एक पाडून दिलं.

“दादा, इथं खोली बरी आहे,” ते म्हणाले. “मासा असतोय.”

“बघू,” मी म्हटलं. आभार मानायला जीभ वळेना.

चौघांच्या तंबूत मी एकटा बसलो. शेगडी चांगलीच तापली होती. मी माझं हिरवं जिग खाली सोडलं आणि नाचवू लागलो. पलीकडचा तंबू हाकेच्या अंतरावर होता आणि बर्फावर आवाज फार स्वच्छ येतो. अप्पा तहसीलदाराची जुनी गोष्ट सांगत होते, ज्यात तहसीलदार धक्क्यावरून टोपीसकट खाडीत पडतो. ती गोष्ट माझी होती. म्हणजे मला लहानपणी झोपताना सांगितलेली. धनंजयराव योग्य त्या ठिकाणी हसले. मग घंटी वाजली, धावपळ झाली आणि अप्पांचा आवाज आला, “हळू, हळू, दोरी ढिली करू नको.” धनंजयरावांना “तू” म्हणाले. जावयाला एकेरीत बोलण्याइतकी जवळीक झाली होती, आणि मी इकडे पाण्यात शिसं नाचवत होतो.

पुन्हा घंटी वाजली. थोड्या वेळाने आणखी एकदा. मला काही लागेना. मग एकदम काठीच्या टोकाशी, खूप खाली, कोणी दाराची कडी हलकेच हलवावी तसं काही झालं. मी झटका दिला. काठी वाकली. दोरी ढिली पडू न देता मी ती हातावर ओढत राहिलो आणि भोकातून सोनेरी पाठीचा, मोठाल्या पांढुरक्या डोळ्यांचा मासा बाहेर आला. आयुष्यातला माझा पहिला मासा. माझ्या जिगवर, माझ्या बोटाला कळलेला.

मी तो दोन्ही हातांत धरून, टोपीसुद्धा न घालता, पलीकडे धावलो. धावताना वाक्य तयार करत होतो. “उभ्या गरीक नाय, नाचवच्या गळाक लागलो,” असं अगदी सहज म्हणायचं ठरवलं होतं.

धनंजयराव चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेले होते. अप्पा एकटेच स्टुलावर बसले होते, मांडीवर आमिषाचा डबा, डाव्या हातात गळ. घंटीवाली काठी वर काढलेली होती. आमिष खाऊन मासा पळाला असावा. उजव्या हाताने ते मिठातली बारकी मासळी गळावर चढवायचा प्रयत्न करत होते.

“दाखव,” त्यांनी मान वर केली. “वा. ही चोनकाची धाकटी भैन. डोळे बघ कसे, अगदी चोनकाचे. खंयच्या गळाक लागलो?”

चोनक आमच्या खाडीतला मानाचा मासा, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. गळ त्यांच्या डाव्या अंगठ्यातून गेला होता. मासळीतून नव्हे, अंगठ्यातून, आत शिरून दुसऱ्या बाजूने टोक बाहेर. रक्त मनगटावरून बाहीत उतरत होतं. अप्पा माझ्या माशाकडे बघत होते, हसत होते, आणि उजव्या हाताने मासळी त्या टोकावर दाबत होते. दर दाबाबरोबर अंगठ्याची कातडी वर उचलली जात होती.

“बोल मां,” ते म्हणाले. “नाचवच्या गळाक?”

माझ्या मागून तंबूची चेन उघडली. धनंजयराव आत आले, एकदा अप्पांच्या हाताकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, थर्मास माझ्या बगलेत कोंबला आणि गुडघ्यावर बसले.

“मामा, आमिष मी लावतो की. जावई असताना तुम्ही कशाला,” असं म्हणत त्यांनी अप्पांचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा बोटांच्या चिमटीत धरला आणि गळ आला त्या वाटेने मागे सरकवून काढला. उलटा काटा नसल्यामुळे तो अलगद निघाला. खिशातून फडकं काढलं, अंगठ्याभोवती गुंडाळलं. “थंडीनं कातडी फुटली बघा तुमची. रक्त आलंय.”

अप्पांनी फडक्याकडे बघितलं. “होय काय? सुकी थंडी ही. आमच्याकडे असा होना नाय.”

“चहा ओतू का?”

“वता. साखर नको.”

धनंजयरावांच्या हातांना हे काम नवीन नव्हतं. फडकं खिशात तयार होतं. मी थर्मास खाली ठेवला, मासा भोकात सोडला आणि बाहेर आलो. थोड्या वेळाने गळाला आमिष लावून, काठी पुन्हा रोवून धनंजयरावही आले, दोन पेल्यांत चहा घेऊन.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मला डिसेंबरात कळलं. पहिल्यांदा बर्फावर आलो तेव्हा दोरी बोटावर घेऊन बसले. मासा आमिष खाऊन गेला, दोरी हलताना मला दिसत होती. त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा पण नाही. मग म्हणाले, जावयबापू, उभी गरी लावूया.” धनंजयरावांनी पेला माझ्या हातात दिला. “साखरेनं होतं असं बोटांना. माझ्या आईला होतं.”

“तुम्हाला सांगितलं त्यांनी?”

“नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.”

“आणि मला?”

“काल टेबलावर सांगणार होतो दादा. पण ते समोर होते.” त्यांनी तंबूकडे नजर टाकली. “जावयाला काम सांगायला कारण लागत नाही. गाठ तुम्ही बांधा, गळ तुम्ही बघा, म्हटलं की मान दिल्यासारखं होतं. तुम्हाला तसं सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, अप्पा, तुम्हीच बांधून दाखवा.”

तसं मी म्हणालोच होतो, शुक्रवारी, टेबलाशी. मी चहाचा घोट घेतला. तो चांगला कढत होता.

इथे मला जावयाबद्दल कृतज्ञता वगैरे वाटली असं लिहिणं शोभून दिसेल. तसं झालं नाही. माझं पोट आधीपेक्षा जास्त दुखलं. इतके दिवस मला वाटत होतं, या माणसाने माझ्या बापाचा मान घेतला, गाठ घेतली, तहसीलदाराची गोष्ट घेतली. आता कळलं की म्हातारा कुठे मोडला आहे तेही याला आधी बघायला मिळालं. मालवणच्या धक्क्यावर ज्या बोटाची गोष्ट सांगितली जायची ते बोट मेलं, आणि सुतकात बसला हा.

“तुम्ही माझ्या तंबूत बसा,” मी म्हटलं. “शेगडी आहे.”

धनंजयरावांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. “त्यांना आमिष लावू देऊ नका,” एवढं म्हणाले आणि गेले. पाठमोरा माणूस जरा हिरमुसलेला दिसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी आत शिरलो आणि त्यांच्या स्टुलावर बसलो. पायांच्या मध्ये काळं पाणी हलत होतं.

“जावयबापू खय?” अप्पांनी विचारलं.

“माज्या तंबूत. अप्पा, माका ती नाचवची काठी जमना नाय.”

“मगाशी तर मासो घेवन इलंस.”

“तो आपसूक लागलो. थंडीन बोटां मेली माजी. मासो तोंड लावता ता कळनाच नाय. माका उभी गरी शिकवा.”

घंटीची काठी नीट रोवलेली आहे का ते अप्पांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी अंथरुणात झोपेचं सोंग घ्यायचो तेव्हा बघायचे तसं. मला वाटलं, पकडला गेलो.

“कळना नाय म्हंजे?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “अगदीच कळना नाय?”

“अगदीच.”

“ह्या वयात?” त्यांचा चेहरा उतरला. आपलंच दुखणं पोरात उतरलं की काय, अशी भीती मी त्यांच्या तोंडावर स्पष्ट बघितली, आणि बोललो ते परत घेता आलं असतं तर बरं, असं वाटलं.

“थंडीन ओ,” मी घाईने म्हटलं. “नुसती थंडी. ऊब इली की जातला.”

“मगे आदी सांगूचा नाय? हाड ते हात हय.”

मी हातमोजे काढून हात पुढे केले. इतका वेळ मी शेगडीपाशी बसलो होतो, मग तो कढत पेला दोन्ही हातांत धरून उभा होतो. माझ्या तळहातांना घाम सुटला होता. अप्पांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, एका अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, आणि जोराने चोळायला लागले.

“बर्फ झालेत रे, दिगू,” ते म्हणाले. “नुसतो बर्फ.”

त्यांची बोटं माझ्या बोटांवरून फिरत होती. लाकडासारखी गार होती ती. काठीवरची घंटी किणकिणली, दोरी एका बाजूला ओढली गेली आणि थोड्या वेळाने ढिली पडली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. त्यांनी माझे हात तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली आणि पुन्हा चोळले.

“आता?” त्यांनी विचारलं. “जरा ऊब इली?”

“इली थोडी,” मी म्हटलं. “आजून धरा.”